प्रभूच्या प्रार्थनेतली एक ओळ

चर्चमध्ये प्रभूची प्रार्थना सगळे एका सुरात म्हणतात. त्यात 'आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा केली, तशी तू आम्हाला कर' ही ओळ आली की मी मात्र गेली तीन वर्षं गप्प बसते. आईच्या आजारपणात धाकटी बहीण मला नको नको ते बोलली होती. मग देवासमोर खोटं कसं बोलायचं?

या रविवारी ती नेमकी माझ्याच बाकावर येऊन बसली. ती ओळ आली आणि माझ्याबरोबर तिचाही आवाज थांबला. मी चमकले. इतके दिवस मला वाटत होतं, क्षमा करायची ती फक्त मीच. पण आईच्या आजारपणात मीही तिला काही कमी बोलले नव्हते.

"म्हण की," मी कुजबुजले.

"आधी तू म्हण, ताई."

मंडळी प्रार्थनेच्या शेवटी आमेनला पोचली, तेव्हा आम्ही दोघी अजून त्याच ओळीवर होतो. पण म्हणत होतो.