सोनोग्राफीची पाटी

कलीमला मी हजारदा सांगितलं होतं, पाटीवर सोनोग्राफी लिहू नकोस. ऐकेल तर तो कलीम कसला!

वणीत माझ्या वेल्डिंगच्या दुकानाला लागून त्याचं वर्कशॉप. जुना कॉम्प्युटर, भंगारातली कार्डं आणि स्वतः लिहिलेला प्रोग्राम यांतून या पठ्ठ्याने लोखंडाच्या आतली चीर दाखवणारं यंत्र बनवलं. ट्रकच्या एक्सलच्या, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या, टोकाला ग्रीस लावायचं, वर यंत्राच्या वायरीला जोडलेला प्रोब टेकवायचा. कानाला ऐकू न येणारा आवाज आत जातो, पलीकडच्या टोकाला आपटून परत येतो आणि पडद्यावर शेवटी एक उंच रेघ उठते. मधेच रेघ उठली, की समजायचं चीर आहे. बायको शबानाची बोलणी खात कित्येक वर्षं तो यात बुडाला होता. पण 'अल्ट्रासोनिक टेस्टिंग' म्हटलं की ट्रकवाले नुसते तोंडाकडे बघत. म्हणून याने पाटी रंगवली: 'येथे सोनोग्राफी करून आत काय आहे ते लगेच सांगू.' एक्सल हा शब्दच लिहायला विसरला!

सेवादासभाऊने आपल्या कोळशाच्या ट्रकचा एक्सल तपासायला आणला, कलीमने प्रोब टेकवला आणि नेमकं तेव्हाच सरकारी पथक आलं. बिनपरवान्याचं सोनोग्राफी सेंटर म्हणे!

"साहेब, मी बायांची नाई, एक्सलची तपासणी करून राह्यलो!" कलीम ओरडला.

"पाटीवर तसं लिहिलंय का?"

कॉम्प्युटरला सील लागलं. डॉक्टर येऊन खात्री करेपर्यंत हात लावायचा नाही.

डॉक्टर काही येईनात. सेवादासभाऊ वैतागला, एक्सल परत बसवून निघाला. कलीम गाडीपुढे उभा राहिला.

"भाऊ, नका नेऊ. मधात रेघ उठल्यासारखी वाटली मले."

"मंग दाखव ना!"

दाखवणार कुठून? ट्रक गेला. चढावर एक्सल तुटला, भरलेली गाडी उलटी घसरत नाल्यात गेली आणि सेवादासभाऊचा पाय मोडला.

पुढे डॉक्टर आले नि सील निघालं, तेव्हा तो प्लॅस्टरसकट दुसऱ्या बाजूचा एक्सल घेऊन आला. कलीमने प्रोब टेकवला. पडद्याच्या मधोमध रेघ उठली.

"म्हंजे तुटला तो बी असाच दिसला असता?" सेवादासभाऊने विचारलं.

"दिसला असता, भाऊ," कलीम म्हणाला आणि ग्रीसच्या हातांनीच त्याने तोंड झाकलं.

मला असा संताप आला, की तो कोणावर काढावा हेच कळेना.