देव नेलेली घरं

लोहाऱ्यात आमच्या वॉर्डाची मतदार यादी तपासायचं काम शाळेतल्या नोकरीसोबत माझ्याकडे आलं. तेव्हापासून, म्हणजे सहा वर्षं, मी इरम्मा अव्वांना सोबत घेऊन फिरते. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर.

त्या आळंदहून लग्न होऊन आल्या तेव्हा वॉर्डात तेलाचे घाणे होते आणि निम्मी गल्ली कानडी बोलायची. घाणे बंद पडले, ती माणसं सोलापूरला गेली. भूकंपानंतर खेड्यांतली कुटुंबं भाड्यानं आली. त्यांची मुलं शिकली आणि पुण्याला गेली. आता कोपऱ्यावर फरशी बसवणारे राजस्थानी कारागीर राहतात. अव्वा त्यांच्याशी कानडीत बोलतात. ते मान हलवतात.

कुलूप दिसलं की मी ‘स्थलांतरित’ लिहायला पेन काढते. अव्वा हात धरतात.

“कुलूप बघू नगा बाई. देव नेले का बघा.”

पोटासाठी गेलेला माणूस देव घरात ठेवून किल्ली शेजारी देतो. देव उचलले की तो परत येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

“बजरंगचं घर?”

“पाडव्याला नेले. मोटरसायकलवर, बायकोच्या मांडीवर. नाव काटा.”

“पुतळाबाईंचं?”

“त्यांच्यात देव न्हाईत. पण बुद्धाचा फोटू भिंतीला हाय, खिडकीतून दिसतोय. ऱ्हाऊ द्या.”

त्यांचं आजवर एकदाही चुकलेलं नाही.

शेवटी त्यांचंच घर येतं. मुलगा गौरीशंकर, वय एक्कावन्न, बारा वर्षं पुण्यात. मी दरवर्षी विचारते. त्या दरवर्षी सांगतात, “हाय की. देव हायेत घरात.”

यंदा पाणी प्यायला आत गेले. भिंतीतली देवांची देवळी रिकामी होती. फळीवर तेलाचे चार गोल डाग.

“अव्वा, देव कुठं गेले?”

“घासायला दिलेत.”

“कुणाकडं?”

“पुण्याला.”

मी पाणी प्यायले.

“तिकडं चांगले घासतात का?”

“व्हय. येळ लागतोय म्हणं.”

गौरीशंकरच्या नावापुढे मी काही लिहिलं नाही. यादी द्यायला अजून आठ दिवस आहेत.

माझी प्रीतीही पुण्यात नोकरी करते. गेल्या आठवड्यात तिनं फ्लॅटमध्ये ठेवायला घरातला देवीचा टाक मागितला होता. पाठवते म्हणाले होते. आज घरी आल्यावर टाक गव्हाच्या डब्यात तळाशी ठेवला आणि तिला कळवलं, घासायला दिलाय.

“कुणाकडे?” असा तिचा मेसेज आलाय.