मामांचा पाव तास

कंत्राटदार निवडण्याच्या बाबतीत आमच्या हिच्या मामांइतका अवघड माणूस ठाण्यापासून कल्याणपर्यंत झाला नाही आणि होणारही नाही. मुलीचं स्थळ बघताना बाप करत नसेल इतकी चौकशी मामा बाथरूमच्या लाद्या बसवणाऱ्याची करत. एका कारखान्यात नकाशे काढण्यात त्यांची हयात गेली होती. निवृत्त झाल्यावर कळव्याच्या दोन खोल्यांत ते एकटेच राहत, आणि नात्यात कुणीही घराचं काम काढलं की त्यांना बोलावणं जाई. न बोलावलं तरी ते येतच. कंत्राटदाराचं पाच वर्षांपूर्वीचं काम बघायचं म्हणून ते अनोळखी घरात शिरत, तिथला चहा पीत, भिंतींना कान लावत आणि घरच्या बाईला हळूच विचारत, "काम झाल्यापासून घरात काही कमी झाल्यासारखं वाटतं का हो?" बिचारी बाई आधी डबे तपासायची, मग पोरं.

पण खरी परीक्षा म्हणजे पाव तास. भर दुपारी मामा कंत्राटदाराला रिकाम्या घरात नेत, जिथे तोडफोड व्हायची त्या खोलीत त्याला एकट्याला बसवून दार ओढून घेत आणि स्वतः जिन्यात घड्याळ बघत उभे राहत. पंधरा मिनिटांनी दार उघडून एकच प्रश्न, "आत कोण होतं?" याचं बरोबर उत्तर काय, ते त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नाही. आम्ही आपले त्यांच्या माघारी हसायचो.

नव्वदच्या सुमाराला आम्ही डोंबिवलीत एका जुन्या इमारतीत घर घेतलं तेव्हा हिला सातवा महिना होता. बारसं नव्या घरातच करायचं, हा तिचा हट्ट. नकाशा तयार होता. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामधली भिंत पाडून तिथे कमान करायची. तेव्हा जिकडेतिकडे कमानीच निघत होत्या. पहिला कंत्राटदार सनमायकाचे तुकडे भरलेली बॅग घेऊन आला. पाव तासाने बाहेर येऊन म्हणाला, "कोण असणार साहेब? खोली एकदम खाली आहे. बोलाल तर उद्याच भिंत उडवतो." मामांनी त्याला नमस्कार करून वाटेला लावलं. दुसरा कंत्राटदार पाव तास चक्क घोरत होता. इकडे हिचे पाय सुजलेले, दिवस जात चाललेले. मी चिडलो. "मामा, भिंत पाडायचीय, तिचं लग्न लावायचं नाहीये!" मामा म्हणाले, "एक अजून बघू."

तिसरा शीळफाट्याकडच्या एका गावातला आगरी मेस्त्री, पन्नाशीचा, अबोल. तो चपला बाहेर काढूनच आत गेला. पाव तास व्हायच्या आधीच दार उघडलं. घामाने निथळत होता, पण बोलला अगदी हळू, कुणाची झोप मोडू नये तसा. "म्हातारी बाय हाय आत. भितीला टेकून बसलीय, तांदूल निवडतेय. तिला उठवून भित कशी तोराची?"

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. ज्यांच्याकडून आम्ही घर घेतलं त्यांची आई अखेरची वर्षं तिथेच बसून तांदूळ निवडायची, हे शेजारणीने आम्हाला आदल्याच दिवशी सांगितलं होतं. मेस्त्रीला ते कळायची काही सोय नव्हती. मामा मात्र जिन्याच्या पायरीवर बसून डोळे पुसत होते. मामी गेल्यावर कळव्याच्या घरात रोज दुपारी स्वयंपाकघराच्या भिंतीपाशी तिच्या बांगड्या वाजायच्या, असं त्यांनी सांगितलं. आपलं डोकं फिरतंय, असं त्यांना वाटलं. भिंतीला ओल आली होती. तेच निमित्त करून त्यांनी समोर आला तो कंत्राटदार धरला आणि भिंत काढून टाकली. "मी विचारलं तेव्हा तो आत डोकावला आणि म्हणाला, कोणी नाही. मी विश्वास ठेवला. त्या दिवसापासून खरंच कोणी नाही रे."

इतकी वर्षं आपण या माणसाला हसलो, याची लाज वाटली. मेस्त्रीने आमची कमान अरुंद केली, आजींच्या पाठीपुरती भिंत तशीच ठेवली, आणि बारसं वेळेवर झालं. ही बाळाला घेऊन त्या भिंतीला टेकून बसली की ते कितीही रडत असलं तरी गप्प व्हायचं आणि तिच्या खांद्यामागे बघून हसायचं. काम संपलं त्या दिवशी मामांनी मेस्त्रीचा हात धरला. "कळव्याला येशील का? एक भिंत परत बांधायचीय."

तो गेला आणि त्याने बांधून दिली. त्यानंतर मामांनी कुणाचाही कंत्राटदार पारखला नाही. दुपारचे ते घराबाहेरच पडेनासे झाले. एकदा मी कळव्याला अचानक भर दुपारी गेलो. दार वाजवणार तेवढ्यात आतून मामांचा आवाज आला, "आमटी जमली नाही ना आज? तुझ्यासारखी कुठून जमणार मला?" मग ते थांबले. समोरचं माणूस बोलत असताना आपण थांबतो तितका वेळ. मी कान देऊन ऐकलं, पण मला काहीच ऐकू आलं नाही. आणि मग मामा हसले. इतकं मोकळं हसताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं. मला भीती वाटली, आणि फार बरंही वाटलं. दार न वाजवताच मी हळूच जिना उतरलो.