आमच्या खानदानात असलं काही न्हाई

मी डॉक्टरांशी खोटं बोललो, तेही लेकीसमोर. "घरात आणखी कुणाला अर्धशिशी आहे का?" असं त्यांनी तिच्या डोकेदुखीचं ऐकून विचारलं, तेव्हा मी छाती काढून म्हणालो, "आमच्या खानदानात असलं काही न्हाई." आमच्या धारूरकडं सोयरीक जुळवताना लोक जमिनीच्या आधी आजार विचारतात. लेक लग्नाला आली होती आणि दाराबाहेरच्या बाकावर शेजारच्या गावची माणसं बसलेली होती.

खरं म्हणजे माझी माय अर्धं डोकं बांधून अंधारात पडून असायची आणि मी तिच्यावरच गेलो होतो. फक्त आम्ही त्याला ऊन लागणं म्हणायचो. दुष्काळात ही मोठीच सोय. सगळ्या गावाला ऊन लागायचं, त्यात आमचंही खपून जायचं. मी दूध संस्थेचा सचिव. कॅनची झाकणं वाजली की उजवा डोळा फुटायला यायचा. मग "छावणीवर जनावरं बघून येतो" असं सांगून मी संस्थेच्या गोदामात पेंडीच्या पोत्यांमध्ये तोंड खुपसून पडायचो. एकदा चेअरमन आत आले. मी म्हणालो, पोती मोजतोय. डोळे मिटून!

खानदानात नाही म्हटल्यावर डॉक्टरांनी लेकीच्या मेंदूचा फोटो काढायला सांगितला. घरी आल्यावर तिनं ताट सरकवलं. "पप्पा, डोक्यात गाठ आसंल का?"

"कावून रडती पोरगी?" मायनं विचारलं. मी झालेलं सांगितलं.

"मग मी काय जन्मभर नाटक केलं व्हय? अन् तू पेंडीत लोळायचास ते?"

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? अंगाला वास यायचा की, म्हशीवानी."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. बाकावर ओळखीचे चेहरे होतेच. डॉक्टर दार लोटायला म्हणाले. माझा हात दारापर्यंत गेला, पण मी ते उघडंच ठेवलं. "हिच्या आजीला हाय, मला हाय. काल खोटं बोललो." बाहेरची कुजबुज थांबली. डॉक्टरांनी लेकीला पुन्हा नीट तपासलं, बरंच काही विचारलं आणि म्हणाले, "अर्धशिशीच दिसतेय. फोटोची घाई नको, आधी गोळ्या सुरू करू."

लेकीनं मोठा श्वास सोडला. एरवी मी गावापुढं भाषणं ठोकतो. तिला एवढंच म्हणालो, "चुकलं माझं, बाई. माझ्या इज्जतीपायी तुला रातभर भ्यायला लावलं."