पीळ दिलेली कॉइल

आमच्या खालच्या मजल्यावरचे काका अंबरनाथच्या कारखान्यातून रिटायर झाले, पण त्यांच्या हातातला वीज मोजायचा मीटर काही सुटला नाही. दुपारच्या उन्हात गॅलरीत बसतात. कोणी वस्तू आणली की व्होल्ट बघतात, अँपिअर बघतात, मग डोळे मिटून जप केल्यासारखे पुटपुटतात.

परवा मी आईची विजेची शेगडी घेऊन गेले. आई गेल्यापासून ती पडून होती, लावली तर प्लग जळका वास मारायला लागला.

"दोनशेतीस भागिले पाच, सेहेचाळीस ओहम. दोनशेतीस गुणिले पाच, साडेअकराशे वॉट." काकांनी डोळे उघडले. "ताई, शेगडी तर हजार वॉटची आहे. कॉइल तुटली की पीळ देऊन जोडायचं कोण?"

"आईच."

"दर जोडाला थोडी तार गेली. तार आखूड झाली की रेझिस्टन्स कमी, करंट जास्त."

त्यांनी नवी कॉइल बसवली. जुनी भंगारात न टाकता एकेका पिळावरून बोट फिरवत राहिले. डोळे पुन्हा मिटलेले.

"म्हणजे आईंचा चहा दर वर्षी जरा लवकर होत गेला असणार."

झालाच होता. मी समजत होते, तिच्या हाताची सवय.