खंडेनवमीला बंद केलेला कॉम्प्युटर

शाहूपुरीतल्या एका कॉम्प्युटरवाल्यानं मला फसवलं. दोन तास घासाघीस करून मी दर पाडला, तेव्हा तो हसत म्हणाला, "पावणं, एक सांगतो. रोज बंद-चालू करू नका. सुरूच ठेवला की टिकतोय." मला ते पटलं. माझ्या छापखान्यात तो इन्व्हर्टरवर अकरा महिने अखंड चालला. मी जमवलेली लग्नपत्रिकांची सगळी डिझाइनं त्यातच होती.

खंडेनवमीला आम्ही यंत्रं थांबवून त्यांची पूजा करतो. छपाईचं मशीन थांबवलं, कॉम्प्युटरही बंद केला, हळदकुंकू वाहिलं. दसऱ्याला मुहूर्तावर बटण दाबलं, तर तो सुरूच होईना. दुसऱ्या मेकॅनिकनं उघडून दाखवलं. नवा म्हणून विकलेल्या डब्यात पॉवर सप्लाय जुना, डागडुजी केलेला होता. गरम असेपर्यंत चालणारा, गार पडला की संपणारा. जाताना तो सप्लाय हार्डडिस्कही जाळून गेला, आणि तिच्यातली माझी सगळी डिझाइनंही.

मी त्या कॉम्प्युटरवाल्याच्या दुकानात जाऊन ओरडलो. तो म्हणाला, "सांगितलं हुतं की, बंद करू नका म्हणून!"

कॉम्प्युटर रोज बंद करावा की नाही, यावर मी आता वाद घालत नाही. पण हा बंद केला तर पुन्हा उठणार नाही, हे विकताना त्याला माहीत होतं का, एवढं त्यानं चार लोकांसमोर सांगावं.