रविवारची शिकवणी

मुलीला दिल्लीच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि आमच्या यांच्या डोक्यात एक खूळ शिरलं. दर रविवारी हे तिला चेन्नईच्या कुठल्यातरी अनोळखी भागात घेऊन जायचे, तिचा फोन स्वतःच्या खिशात टाकायचे आणि म्हणायचे, "आता एकटीनं घरी ये. तिथं विचारायला अप्पा नसणार."

माझं डोकंच फिरायचं. "पोरगी आहे की पार्सल?" असं मी ओरडायचे. हे नुसते हसायचे. ती मात्र लोकांना विचारत, बस नि लोकल बदलत वेस्ट मांबलमला घरी पोचायची, वर वाटेतल्या गमती सांगायची. तिच्यामागून थोड्या वेळानं हे यायचे, घामाघूम, लंगडत.

एका रविवारी मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा कुठे खरं बाहेर आलं. हा माणूस दर वेळी तिला दिसणार नाही अशा बेतानं, पाठच्या डब्यात बसून, तिच्या मागोमाग घरापर्यंत येत होता. यांच्यावर चिडावं की यांच्या पाया पडावं, मला कळेना.

ती निघायच्या आदल्या दिवशी बॅग भरताना मला राहवलं नाही. मी तिला सगळं सांगून टाकलं.

ती कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली, "अम्मा, मला पहिल्याच रविवारी दिसले होते ते. अप्पांचा गुडघा दुखतो ना, म्हणून तर मी स्टेशनचा जिना थांबत थांबत चढायचे."